डबा कशाचा, आत काय, आणि आधी काय होतं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्रीय समन्वयकांनी केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी थोडा वाढवून दिला आहे.)



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "मॅडम, कागदी कपात चहा पिला की कॅन्सर होतो म्हणतात. मोबाईलवर आलंय. खरं का?" त्यावर किती गलका झाला ते तुम्हाला आठवत असेल. कुणी म्हणालं, मग स्टीलचे पेले कोण घासणार? कुणी म्हणालं, शहरातल्या लोकांची कामं आहेत ही, आपल्याला कशाला. तेव्हाच मी सांगितलं होतं की पुढच्या वेळी या विषयावर नीट बोलू.

कागदी कपाचं उत्तर देणारच आहे. पण ते मी शेवटाकडे ठेवलंय, कारण तुमच्या घरी फिरताना मी जे बघते, त्यात कागदी कपाचा नंबर बराच खाली लागतो. त्याच्याहून मोठा धोका तुमच्या खाटेखाली आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात आहे, आणि त्याबद्दल मोबाईलवर काही येत नाही.

आधी एक गोष्ट कबूल करू. भांड्यातलं अन्नात उतरतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. या आज्यांना विचारा. ताक पितळेच्या भांड्यात ठेवलं की काय होतं? कळकतं. म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा. लोणचं कशात मुरायचं? चिनीमातीच्या बरणीत, वर दादरा बांधून. जर्मनच्या काळ्या पडलेल्या पातेल्यात चिंचेचं सार उकळलं की पातेलं आतून कसं लख्ख निघतं, बघितलंय ना? ते पातेलं घासलं गेलेलं नसतं. त्याच्या आतला थर आंबटाने सुटून सारात गेलेला असतो, आणि ते सार आपण भातावर घेतलेलं असतं.

म्हणजे नियम जुनाच आहे. गरम, तेलकट, आंबट-खारट, आणि जास्त वेळ. या चार गोष्टी भांड्यातलं ओढून काढतात. कोरड्या ज्वारीला पिशवीतून फारसं काही घेता येत नाही. गरम वरणाला येतं, लोणच्याच्या तेलाला येतं. आजीच्या काळात भांडी चार-पाच प्रकारची होती, त्यामुळे तिला सगळ्यांचे स्वभाव माहीत होते. आपल्या घरात आता पन्नास प्रकारचे डबे, बाटल्या, पिशव्या येतात. त्यांचे स्वभाव आपल्याला कुणी सांगितलेच नाहीत.

आता त्या खाटेखालच्या वस्तूकडे येते. फवारणीचा रिकामा कॅन.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तूर, हळद, काहीही लावा, औषध फवारावंच लागतं. (औषध म्हणतो आपण त्याला. खरं तर ते विष आहे, आणि त्या शब्दामुळेच निम्मा घोटाळा होतो असं माझं मत आहे.) कॅन रिकामा झाला की तो टाकवत नाही. जाड असतो, झाकण घट्ट बसतं, गळत नाही. मग गरम पाण्याने, राखेने, निरम्याने दोन-चारदा धुतला की वास जातो, आणि त्यात कुठे रॉकेल, कुठे शेतात न्यायचं पाणी, कुठे चक्क गोडंतेल भरलं जातं. हे वेडेपणाने होत नाही हे मला माहीत आहे. नवा कॅन विकत घ्यायला पैसे लागतात आणि हा फुकट मिळालेला असतो. पण वास गेला म्हणजे विष गेलं असं नाही. प्लास्टिक थोडं थोडं विष स्वतःत शोषून घेतं, आणि पुढे आत जे भराल त्यात, विशेषतः तेलात, ते परत सोडतं.

याचं टोक काय असतं ते बिहारमध्ये दिसलं. १६ जुलै २०१३. सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव, तिथली प्राथमिक शाळा. दुपारच्या जेवणात भात आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी होती. जेवल्यावर थोड्याच वेळात पोरांची पोटं दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या. २३ मुलं गेली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात आणि ते तेल ठेवलेल्या डब्यात मोनोक्रोटोफॉस सापडलं. हे नाव तुमच्यापैकी अनेकींच्या घरच्यांना पाठ असेल, कापसावर आपल्याकडेही ते सर्रास फवारलं गेलंय. तेलाचा वास आणि रंग वेगळा वाटतोय असं स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या लक्षात आलं होतं, तिने ते बोलूनही दाखवलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तरी स्वयंपाक झाला. मुख्याध्यापिकेला २०१६ मध्ये न्यायालयाने शिक्षा सुनावली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण या खोलीत बसलेल्यांपैकी किती जणी शाळेचा पोषण आहार शिजवतात, किती जणी अंगणवाडीचा? हात वर करा. बघा, किती हात आहेत. त्या बाईच्या जागी आपणच असतो. म्हणून तुमच्यासाठी माझं एकच सांगणं आहे: तेल ज्या डब्यात आलं त्याच डब्यात राहू द्या, आणि वास वेगळा आला तर फोडणी टाकू नका. मुख्याध्यापक ओरडतील, पोरं एक दिवस उशिरा जेवतील. चालेल. तेल बाजूला ठेवा आणि लगेच ग्रामसंघाच्या अध्यक्षांना फोन करा, मलाही करा. एकटीने वाद घालायची वेळ तुमच्यावर येऊ नये, यासाठीच तर आपण संघात आहोत.

याच्या उलटा प्रकारही होतो. विष कॅनमधून काढून पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलं जातं. शेजाऱ्याला अर्धा लिटर तणनाशक हवं असतं, आपण दिलदारपणे बाटलीत काढून देतो. ती बाटली त्यांच्या घरी खिडकीत जाते. पोराला काय कळणार? अंधारात उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला काय कळणार? पॅराक्वाट नावाचं जे तणनाशक आहे, त्यावर उतारा म्हणून देता येईल असं औषधच नाही. एखादा घोटही जीव घेऊ शकतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तिथे विष अंगावर उडून आणि श्वासातून गेलं. बाटलीतून ते सरळ पोटात जातं.

कॅनवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो तो बघायला शिका, वाचता येत नसलं तरी रंग कळतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे सुरक्षित नव्हे, कमी जहाल. रिकामा कॅन तीनदा खळखळून धुवायचा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, आणि लगेच कॅनला खिळ्याने भोकं पाडायची. भोकं पाडलीत की पुढचा प्रश्नच मिटला, सासूबाईंना त्यात रॉकेल भरता येणार नाही! आणि तो चुलीत घालायचा नाही. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी वापरायची सवयही सोडा, तो धूर पहिल्यांदा तुमच्याच छातीत जातो.

आणि देव न करो, कुणाच्या पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात जाताना तो कॅन किंवा त्याची चिठ्ठी पिशवीत घालून बरोबर न्या. डॉक्टरांना कोणतं विष आहे हे कळलं की त्यांचा वेळ वाचतो.

कॅननंतर पोती. उन्हाळ्यात गावात शिरलं की छपराछपरावर कुरडया, पापड, शेवया वाळत असतात. बघून तोंडाला पाणी सुटतं, आणि मग खाली बघितलं की खताची पोती उसवून शिवलेलं तळवट. धुतलेलं असतं, मान्य आहे. पण ओल्या कुरडईचा चीक त्या पोत्याला चिकटून वाळतो आणि सोलून निघतो. ते तळवट हळद-सोयाबीनच्या खळ्यावर खुशाल वापरा. वाळवणाला जुनं सुती धोतर किंवा लुगडं घ्या, तेच बरं.

बियाण्याच्या पिशव्यांचंही तसंच. काय सुंदर पिशव्या येतात, रंगीत चित्र, शिवलेली कडी! म्हणून त्या बाजाराला जातात आणि गिरणीवर दळणालाही जातात. पण आतलं बी बुरशीनाशक लावलेलं होतं, ती गुलाबी-लाल पूड शिवणीत राहते. त्यात पीठ आणायचं नाही. पेरून उरलेलं बी तर गिरणीवर किंवा कोंबड्यांपुढेही टाकायचं नाही.

आता पंगत. कुणाच्या लग्नाचं नाव घेत नाही, सगळीकडेच हे असतं. वरण वाढायला बादली कोणती? भिंतीच्या रंगाची, वीस लिटरची! वरण गरम, वर तेलाची तर्री, त्यात चिंच किंवा आमसूल. सुरुवातीला ज्या चार गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या एका बादलीत. बादली रंगासाठी बनवलेली, तिचं प्लास्टिक अन्नासाठी कुणी तपासलेलं नाही. त्या बादलीने अंगण सारवायचं पाणी न्या, न्हाणीत ठेवा. वाढायला स्टीलची बादली. पत्रावळीचं म्हणाल, तर थर्माकोलच्या पत्रावळ्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. तरी त्या मिळतात, हा भाग वेगळा. पळसाची पानं आपल्या माळरानावर आहेत आणि ती टोचायची कशी हे इथल्या अर्ध्या जणींना येतं.

इथे एक विषय मांडून ठेवते, पुढे चर्चा करू. ग्रामसंघाने स्टीलची ताटं, पेले, बादल्या घेऊन भाड्याने द्यायच्या. भांडी बँक. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक तेराव्याला लागणारी वस्तू आहे. घासायची मजुरी भाड्यात धरायची. फुकट घासायला मी सांगणार नाही.

वर्तमानपत्राबद्दल सरकारचा नियम स्पष्ट आहे. देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये सूचना काढली, २०१८ च्या पॅकिंगच्या नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला आणि साठवायला मनाई केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये परत एकदा सगळ्या विक्रेत्यांना बजावलं. तीनदा सांगावं लागलं यातच सगळं आलं. छपाईच्या शाईत शिसं आणि दुसरे जड धातू असू शकतात, आणि गरम भजी ठेवली की तेलाबरोबर शाई भज्याला लागते. पेपर किती हातांतून, किती जमिनीवरून आलेला असतो ते वेगळंच. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि मुलांसाठी त्याचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भजी खाणाऱ्या मोठ्या माणसाला आज काही होणार नाही. पण रोज पेपरात गुंडाळलेली पोळी शाळेत नेणारं पोर ही वेगळी गोष्ट आहे. सुती फडकं द्या, स्टीलचा डबा द्या. दिवाळीत पुऱ्या-चकल्या निथळायला पेपर अंथरता ना, त्याच्याऐवजी चाळणी, तिच्याखाली ताट. तेलही परत मिळतं.

बरं, आता तो कागदी कप.

तो नुसत्या कागदाचा नसतो. कागदात चहा ओतला तर भिजून खाली पडेल, म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये त्यावर प्रयोग केला. १०० मिलिलिटर गरम पाणी कपात १५ मिनिटं ठेवलं, तर प्लास्टिकचे सुमारे २५,००० बारीक कण त्या पाण्यात उतरले. डोळ्यांना न दिसणारे. दिवसाला तीन कप म्हणजे ७५,००० कण. आकडा ऐकून घाबरायला होतं. पण कॅन्सर होतोच, असं त्या प्रयोगात सिद्ध झालेलं नाही. असे कण शरीरात जाऊन नेमकं काय करतात यावर जगभर अजून अभ्यास चालू आहे. म्हणून मोबाईलवरचा निरोप पुढे ढकलू नका, आणि कप सोडून द्या. दोन्ही एकाच वेळी करता येतं. एखादे दिवशी कुठे पाहुणचाराला कागदी कपात चहा मिळाला तर प्या आणि यजमानणीला टोमणे मारू नका. हॉटेलातून पातळ पिशवीत आणलेला उकळता चहा किंवा रस्सा मात्र मी कपाहूनही वाईट समजते. त्याला गाठ मारून घरी येईपर्यंत अर्धा तास जातो. बरणी घेऊन जा.

लहान बाळांचं थोडं कडक बोलते. पूर्वी दुधाच्या बाटल्या ज्या कडक, काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या यायच्या, त्यातून बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन गरम दुधात उतरतं. ते शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. युरोपात अशा बाटल्या २०११ मध्ये बंद झाल्या, आपल्याकडे २०१५ च्या मानकाने. पण माळ्यावर ठेवलेली थोरल्याची बाटली धाकट्याला काढली जाते, हे मी बघितलंय. काढू नका. बाटलीच नको, वाटी-चमचा. आशाताई वर्षानुवर्षं जुलाबाच्या कारणाने हेच सांगतात.

शेवटचा भाग आपल्या धंद्याचा आहे. आतापर्यंत आपण घेणाऱ्या होतो, इथे आपण देणाऱ्या आहोत. गटांची हळद, चटण्या, लोणची, शेवया जिल्ह्याच्या प्रदर्शनात जातात, काही जणी मुंबईच्या सरसपर्यंत जाऊन आल्यात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हळद म्हटलं की लोक आता आपल्या जिल्ह्याकडे बघणार. आणि आपण ती भरतो कशात? बाजारातून किलोवर आणलेल्या, कशापासून बनल्या ते ठाऊक नसलेल्या पिशवीत.

हळद कोरडी आहे, तिला पिशवीपासून धोका कमी. तिचा शत्रू उजेड आहे. पारदर्शक पाकिटात दुकानाच्या दारात टांगली की रंग उडतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं भेसळ आहे. जाड, उजेड न शिरणारं पाकीट घ्या, किंवा पाकीट खोक्यात ठेवायला दुकानदाराला सांगा. लोणच्याचं उलटं. त्यात तेल, आंबट, मीठ, आणि वर्षभराचा मुक्काम. त्याला काच सगळ्यात चांगली. काच फुटते, जड होते, भाडं वाढतं, हे सगळं खरं आहे. मग निदान अन्नासाठी बनवलेली नवी बरणी, आणि लोणचं पूर्ण थंड झाल्यावरच भरायचं. पाण्याच्या वापरलेल्या बाटल्या धुऊन त्यात तेल, मध, काकवी भरून विकणं एकदम बंद. त्या एकदाच वापरायला बनवलेल्या असतात. घरी पाणी प्यायला काही दिवस वापरल्यात तर आभाळ कोसळत नाही, फक्त उन्हात ट्रॅक्टरवर तापू देऊ नका.

काही जणींना प्रशिक्षणात सांगितलं होतं की बुडाशी त्रिकोणातला आकडा बघा. बघा, पण त्याच्यावर विसंबू नका. तो आकडा प्लास्टिकची जात सांगतो, चारित्र्य सांगत नाही. दुधाच्या कॅनवर २ असतो आणि कीटकनाशकाच्या कॅनवरही २ असू शकतो. ५ असलेलं प्लास्टिक उष्णता बरी सोसतं, १ सोसत नाही, ३ आणि ६ अन्नाला नकोच, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. त्याच्याबरोबर पेला आणि काट्याचं छोटं चित्र आहे का ते शोधा. ते चित्र म्हणजे हे अन्नासाठी बनवलंय.

दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी येतील. त्याआधी पाकिटांची खरेदी प्रत्येक गटाने वेगवेगळी न करता प्रभागसंघाने एकदम करावी, असं मी कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे, कारण चांगलं पाकीट एकेका गटाला महाग पडतं आणि मग हात आपोआप स्वस्ताकडे जातो. तोपर्यंत ज्या स्वतः खरेदी करतील त्यांनी दुकानदाराकडून पक्कं बिल घ्यायचं आणि त्यावर "फूड ग्रेड" असं लिहून मागायचं. तोंडी "चालतंय हो ताई" म्हणाला तर पिशवी तिथेच ठेवून पुढच्या दुकानात जा. हिंगोलीच्या बाजारात दुकानं काही कमी नाहीत.